आतलं माणूस

५ जानेवारी, सोमवार

सकाळी दालनात गेलो तर व्यवस्थापिका दारातच उभी. चेहरा बघूनच ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"सर, विधेयक आलंय. आपल्यावर."

आपल्यावर म्हणजे राज्य क्रीडा गौरव दालनावर. जुन्या व्यायामशाळेच्या पडीक इमारतीत हे दालन मी उभं केलं. काचेच्या कपाटातला प्रत्येक बूट, प्रत्येक वल्हं खेळाडूंच्या दारात जाऊन मी मागून आणलंय. स्थापनेपासून मानद सचिव मीच. आता म्हणे कारभार सुधारायचाय. नियामक मंडळ लहान करायचं, दोन मुदतींनंतर घरी बसायचं, निम्मे सदस्य खेळाडूंनी मत देऊन निवडायचे, आणि कुणाचा सन्मान करायचा ते दार उघडं ठेवून, लोकांसमोर ठरवायचं.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. सरकारं विधेयकं आणतात आणि विसरतातही. पण सुरुवातीलाच एक वाक्य आहे: 'सन्मानासाठीची नावे बैठकीपूर्वीच एका खासगी घरी ठरतात, असे निदर्शनास आले आहे.'

ते खासगी घर माझं. नावं आमच्या दिवाणखान्यात ठरतात हे खरं आहे, त्यात गैर काही नाही, मोठ्या बैठकीत नुसती बडबड होते. पण तिथे आम्ही चौघंच असतो. अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार आणि मी. पाचवं माणूस नाही. म्हणजे उरलेल्या तिघांतलं कुणीतरी फुटलंय.

अर्धं आयुष्य मी फुटबॉलचा पंच होतो. पाय अडकला की अडकवला, हे मला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. हेही कळेल.

९ जानेवारी, शुक्रवार

तिघांना घरी बोलावलं. बोलत होतो विधेयकावर, बघत होतो चेहरे.

अध्यक्षांवर संशय घेता येत नाही. कानांनी अधू आहेत. गुपित फोडायचं तर आधी ते ऐकू यायला हवं. उरले दोघे. उपाध्यक्षांना आम्ही वजनदार म्हणतो, एके काळचे भारोत्तोलक. गडी मोठा, पण सत्तेच्या दारात लगेच वाकतो. आणि खजिनदार म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. तोंडातून शब्द निघत नाही म्हणून त्याचं नाव कुलूप. कुलपाला किल्ली असते, हे आज पहिल्यांदा मनात आलं आणि माझंच मला बरं वाटलं नाही.

वजनदार म्हणाले, "नातेवाइकांचा नियमही काढतायत म्हणे."

तो नियम माझ्या हातचा. मंडळावरच्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकाचा सन्मानासाठी विचार होणार नाही. त्यामुळेच आजवर आमच्यावर वशिल्याचा डाग नाही. आता त्याऐवजी नात्यातल्या माणसाचा विषय निघाला की त्या सदस्याने फक्त खोलीबाहेर जायचं!

ही चहाचे कप गोळा करत होती. मध्येच म्हणाली, "बाहेर गेलं तर काय बिघडलं हो?"

मी म्हणालो, "तुला नाही कळायचं. त्यात कलम, उपकलम असं बरंच आहे."

"उपकलम म्हणजे कलमाच्या पोटातलं ना?" म्हणत ती आत गेली. कुलूप हसला. तो क्वचित हसतो. का हसला?

१४ जानेवारी, बुधवार

विशेष काही नाही. हिने गुडघ्यांसाठी पुन्हा पोहायला जायला सुरुवात केली आहे, त्यालाही आता बरेच महिने झाले. लग्नाआधी पोहायची, राज्यात पहिली वगैरे आली होती. सकाळी ओले केस घेऊन येते आणि भलती खुशीत असते. तलावावरच्या बायकांचं कौतुक चाललं होतं. "एक तर विधानसभेत असते," म्हणाली.

असेल कुणी टंकलेखिका. मी पेपर वाचत होतो.

१७ जानेवारी, शनिवार

जुनी पंचाची युक्ती करायची ठरवली आहे. दोघांना दोन वेगळ्या थापा मारायच्या आणि कोणती बाहेर पडते ते बघायचं.

आज कुलूप आला होता. त्याला म्हटलं, "सुनावणीला आपण त्या म्हाताऱ्या नौकानयनपटूला चाकांच्या खुर्चीत बसवून आणू. समितीपुढे रडायला लावू. कोण हात लावतो दालनाला बघू."

तो मग म्हणाला, "तू असं करणार नाहीस."

"करणार."

"बरं," म्हणाला आणि चहा न पिता निघाला. हिने दोघांसाठी आणलेला चहा तसाच परत नेला. तिचाही चेहरा उतरलेला होता. चहा वाया गेला की हिला फार लागतं.

२० जानेवारी, मंगळवार

वजनदारांना घरी बोलावून दुसरी थाप. "आपण उलट दुरुस्ती सुचवू, की सध्याचे सगळे सदस्य आजीव सदस्य व्हावेत."

त्यांचे डोळे चमकले. "वा! शोभेल मला."

आता वाट बघायची.

३ फेब्रुवारी, मंगळवार

पायाखालची जमीन सरकली.

विधेयक मांडणाऱ्या आमदारबाईंची मुलाखत आज पेपरात आहे. त्यात त्या म्हणतात, 'सध्याच्या मंडळींना तहहयात खुर्ची हवी आहे, असं ऐकते.' म्हणजे वजनदार! मी मांडीवर थाप मारणार तोच पुढचं वाक्य: 'आणि एका आजारी, वयोवृद्ध खेळाडूला समितीपुढे आणून अश्रू ढाळायला लावण्याचा बेत असेल, तर तो त्यांनी सोडावा.'

म्हणजे कुलूपसुद्धा! दोन्ही थापा बाहेर. दोघेही फुटले. एक चोर शोधायला गेलो आणि घरभर चोर सापडले.

मी पेपर आपटला. ही म्हणाली, "काय झालं?"

"सगळे विकले गेलेत."

"कोण सगळे?"

"जे जे या खोलीत बसले ते सगळे!"

ती काहीतरी बोलणार होती. मी म्हणालो, आत्ता नको, मला विचार करू दे. ती पेपर उचलून आत गेली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कुलपाच्या घरी गेलो. बस म्हणायच्या आत मी सुरू झालो. शाळेपासूनची मैत्री, एका ताटात जेवलो, आणि तू माझ्या पाठीत सुरा खुपसलास, वगैरे. ठरवून गेलो होतो त्यापेक्षा जास्त बोललो.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन दालनाच्या कपाटांच्या किल्ल्या आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"मी कुणाला काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "पण तुला ते खरं वाटणार नाही. तुला शिट्टी वाजवायची सवय. एकदा वाजली की वाजली."

"म्हणजे तू राजीनामा देतोस?"

"म्हणजे मी दमलो."

किल्ल्या खिशात घालून परत आलो. जिना उतरताना वाटलं, खोटं बोलणारा माणूस एवढं थोडं बोलत नाही. मग वाटलं, मुरलेला असेल तर बोलतो. जेवण गेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

व्यवस्थापिकेवरही नजर ठेवली आहे. फोन आला की बाहेर जाऊन बोलते. आज मुद्दाम तिच्या मागे गेलो. तिच्या आईला बरं नाही, औषध कोणतं द्यायचं ते सांगत होती. मला बघून म्हणाली, "सर, काही हवंय का?"

"नाही. हवा खायला आलो."

ती हसली नाही. दालनात आता माझ्याशी कुणी आपणहून बोलत नाही, हे आज ध्यानात आलं. पहिल्यांदा वाटलं दरारा आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

समितीची सुनावणी ४ मार्चला. कुणालाही अर्ज करून बोलता येतं. मी माझं भाषण आरशापुढे तीनदा म्हटलं. हिला ऐकवलं. तिने पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "छान आहे. पण तुम्ही यात तुमच्याबद्दलच जास्त बोलताय."

"दालन म्हणजे मीच की."

"तेच म्हणतेय."

मग तिने विचारलं, समितीपुढे बोलताना उभं राहायचं असतं की बसायचं. मी म्हणालो, बसून, पण पाठ ताठ हवी. आवाज पोटातून काढायचा. हातात कागद धरला तर हात थरथरतो, म्हणून पाठ करायचं. तिने सगळं मन लावून ऐकलं. माझी एवढी काळजी तिला बऱ्याच दिवसांनी वाटली असावी. बरं वाटलं.

सुनावणीच्या दिवशी ती लेकीकडे जाणार आहे. नाहीतरी तिथे बसून कंटाळलीच असती.

४ मार्च, बुधवार

आज जे झालं ते लिहायला बसलोय, पण अजून कानात घूं घूं होतंय.

समितीची खोली लांबट, मधे टेबल, भिंतीला लागून लोकांसाठी खुर्च्या. माझं भाषण चांगलं झालं. आमदारबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या दिवाणखान्यात ज्यांचं नाव कुणालाच आठवत नाही, त्या खेळाडूंनी काय करायचं?" मी म्हणालो, थोर खेळाडूंची नावं आपोआप आठवतात. खोलीत कुणीतरी हसलं. मागे वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत आमची लेक.

लेक इथे, तर तिची आई कुठे?

तेवढ्यात समितीच्या सचिवांनी पुकारलं, "पुढच्या साक्षीदार, माजी राज्यविजेत्या जलतरणपटू." आणि दारातून ही आली. इस्त्री केलेली करडी साडी, केस नीट बांधलेले, हातात कागद नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. पाठ ताठ. आवाज पोटातून.

म्हणाली, "यांच्या घरी नावं ठरतात तेव्हा चहा मी करते, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. तिथे कुणी वाईट नाही. कुणी कुणाकडून काही घेतलं नाही. चार मित्र बसतात आणि आपल्याला आठवतील ती नावं काढतात. त्यांना फुटबॉल आठवतो, भारोत्तोलन आठवतं. पोहणं कुणालाच आठवत नाही. भालाफेक आठवत नाही. बायकांचं तर काहीच आठवत नाही. आठवण येणं म्हणजे निवड नव्हे."

मग नातेवाइकांच्या नियमावर. "हा नियम यांनी प्रामाणिकपणे केला. पण लग्न माझं झालं होतं, माझ्या पोहण्याचं नाही. मला फोटो लावून नकोय. माझा विचार करायचाच नाही असं कायद्यात नको, एवढंच म्हणणं आहे."

एका सदस्याने विचारलं, "बाई, तुम्ही सचिवांच्या पत्नी. हे घरीच का नाही सांगितलंत?"

ही म्हणाली, "घरी सांगितलं की ती कुरकुर होते. इथे सांगितलं की ती साक्ष होते."

सगळी खोली हसली. समोर आमदारबाई मान खाली घालून लिहीत होत्या. त्यांचे केस मागे ओले होते.

हे लिहिताना आत्ता उलगडतंय. टंकलेखिका नव्हे.

५ मार्च, गुरुवार

काल येताना गाडी लेक चालवत होती. घरात शिरल्यावर मी म्हणालो, "माझ्या घरात राहून हेरगिरी?"

"हेरगिरी कसली? तुम्ही मोठमोठ्याने बोलत होतात. मला वाटलं त्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही खरंच रडवणार. राग आला, तलावावर बोलले. ती थाप होती हे मला काय ठाऊक?"

"मला सांगायचं होतंस."

"दालन सुरू झालं त्या वर्षी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, लोक काय म्हणतील. पेपरात मुलाखत आली त्या दिवशी सांगायला आले, तर म्हणालात, आत्ता नको. मग मीही म्हटलं, राहू दे."

लेक म्हणाली, "बाबा, कुलूपकाकांना फोन केलात का?"

केला नाही. काय तोंडाने करू? शिवाय ही, लेक आणि आमदारबाई, या तिघींचं आधीपासून संगनमत होतं का, हे मला अजून कळलेलं नाही. लेकीने सुट्टी कधी टाकली होती, ते विचारायला हवं.

१९ मार्च, गुरुवार

घरात कामापुरतं बोलणं. ही सकाळी पोहायला जाते, मी खिडकीतून बघतो. तलावाच्याच दिशेने जाते. मी वळणापर्यंत बघतो हे तिला माहीत आहे असं वाटतं, कारण आज वळणावर तिने मागे न बघता हात हलवला.

६ एप्रिल, सोमवार

विधेयक संमत. माझं पद गेलं. संमतीच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत आमच्या ओळखीचे बरेच होते. वजनदारांनी नव्या मंडळासाठी आजच अर्ज घेतला, असं व्यवस्थापिकेने सांगितलं. संशय होताच मला. निदान एक तरी खरा निघाला, म्हणावं, तर नियमाने त्यांना अर्ज करता येतो. त्यांची पहिलीच मुदत होती.

संध्याकाळी कुलपाकडे गेलो. दार त्यानेच उघडलं.

मी म्हणालो, "चुकलो."

"आत ये."

"माफ केलंस?"

"आत ये म्हटलं. माफीचं बघू." मग दोघं बाल्कनीत बसलो. तो म्हणाला, "तुझी बायको काय बोलली रे! मी पेपरात दोनदा वाचलं."

मी म्हणालो, "शिकवलं मीच तिला. पाठ ताठ ठेवायला."

तो एवढा हसला की त्याला ठसका लागला.

१ जून, सोमवार

किल्ल्या, शिक्का, सगळं व्यवस्थापिकेच्या हवाली. तिने कपाटापाशी उभं राहून विचारलं, हे वल्हं कुणी दिलं, कसं मिळालं. मी सांगत गेलो आणि ती लिहून घेत गेली. दुपार गेली. निघताना मी म्हणालो, "आईची तब्येत कशी आहे?" तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं. म्हणाली, "बरी आहे, सर. अधूनमधून येत जा."

खरंच म्हणाली की रीत म्हणून, कळलं नाही.

७ सप्टेंबर, सोमवार

नव्या मंडळाची पहिली निवड बैठक. दार सताड उघडं. लोकांच्या खुर्च्यांवर मी, ही, लेक. माझ्याच दालनात मी पाहुणा.

नावांमध्ये हिचं नाव होतं. प्रस्ताव कुणाचा? मी लेकीकडे बघितलं, तिने नाही म्हणून मान हलवली. वाचून दाखवलं तेव्हा कळलं: माजी खजिनदार. तो पाठीमागेच बसला होता. शब्द बोलला नव्हता मला!

हिच्या शर्यती, कुठल्या पाण्यात, कुणाविरुद्ध, सगळं वाचलं गेलं. त्यातलं निम्मं मला नवीन होतं. एका स्पर्धेत ती ताप अंगात घेऊन उतरली होती. हे मला कधी बोलली नाही. की बोलली असेल?

मग मंडळातली माणसं बोलली. एक तरुण धावपटू म्हणाली, फार मोठी कामगिरी, पण राज्याबाहेर फारशी नाही. दुसरे म्हणाले, भालाफेकीतल्या त्या बाईंनी मैदान नसताना शेतात सराव करून देशाचा विक्रम केला. वजनदार निवडून आले आहेत, तेही भालाफेकीच्या बाजूने. हात वर झाले. भालाफेकीची बाई निवडली गेली. ही नाही.

मी ताडकन उठलो. "हे आधीच ठरलेलं होतं! वजनदारांचा डाव आहे हा!"

हिने माझा सदरा धरून मला खाली बसवलं. रस्त्यावर आलो तरी मी बोलतच होतो, तक्रार करतो, कोर्टात जातो, तुझ्यावर सूड उगवलाय, साक्ष दिलीस म्हणून.

"गप्प बसा हो," ती म्हणाली. तिचे डोळे ओले होते आणि ती हसत होती, दोन्ही एकदम, मला काही अर्थ लागेना. "भालाफेक ऐकलीत ना? मी मंडळावर असते तरी तिलाच मत दिलं असतं."

"मग तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. पण माझं पोहणं समोर ठेवलं, नीट बघितलं आणि कमी पडलं म्हणाले. तुम्ही तर कधी बघितलंच नव्हतं."

कुलूप शेजारून चालत होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

हिचं कालचं हसू खरं होतं की मला दाखवायला, या विचाराने झोप लागली नाही. सकाळी ती निघाल्यावर थोड्या अंतराने मीही निघालो.

तलावाच्या कडेला पायऱ्या आहेत, तिथे बसलो. पाण्यात सात-आठ बायका, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या. कोणती आपली, ओळखू येईना. एक जण मधल्या पट्ट्यात सपासप पाणी कापत चालली होती. म्हटलं हीच. तिच्यावर नजर रोखून बसलो, चांगलं पोहते की, असं मनात म्हणालोसुद्धा. ती काठाला आली, टोपी काढली, तर आमदारबाई. त्यांनी मला ओळखलं आणि नमस्कार केला. मलाही करावा लागला.

ही अगदी पलीकडच्या पट्ट्यात होती. पाठीवर, सावकाश, छताकडे बघत. पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी उठून त्या बाजूला गेलो. ती भिंतीला टेकली आणि वर बघितलं.

"काय हो, कुणावर पाळत ठेवताय?"

"तुझ्यावर."

"मग नीट ठेवा," म्हणाली आणि पालथी होऊन निघाली. या वेळी सावकाश नाही.